दुखण्याची बोली

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाची परीक्षा बाजारात होत नाही, कचेरीतही होत नाही. ती दवाखान्यात होते. भाजी घेण्यास दहा-वीस कन्नड शब्द पुरतात आणि कचेरीचे काम इंग्रजीवर भागते. परंतु घरातील वडील माणूस आजारी पडले, की आपण परक्या मुलखात आहोत याची जाणीव होते. मराठीत दुखणे एकाच प्रकारचे नसते. डोके ठणकते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, पायांत गोळे येतात, अंग कसकसते, जीव घाबरा होतो. यांपैकी प्रत्येक शब्दात निदानाचा थोडाबहुत अंश असतो. आणि दुभाष्याच्या तोंडून पलीकडे जाताना या सर्वांचा मिळून एकच शब्द उरतो, तो म्हणजे ‘दुखते’.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईवर बंगळूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने तिला विचारले, वेदना एक ते दहांपैकी किती? माझ्या मुलाने प्रश्न मराठीत सांगितला. आई म्हणाली, “बारा आणे उतार आहे.” मुलाचा जन्म इकडचा, त्याला आण्यांचा हिशेब ठाऊक नाही. त्याने बारा हा आकडा तेवढा पोचविला. दहांपैकी बारा वेदना ऐकून ती बिचारी मुलगी धावत गेली, डॉक्टर आले, एक इंजेक्शन अधिक टोचले गेले आणि सोळा आण्यांपैकी बारा आणे बरी झालेली माझी आई तो सारा दिवस गुंगीत पडून राहिली. दोष द्यावा असा तेथे कोणीच नव्हता. सर्वांनी आपापले काम चोख केले होते.

या प्रसंगाचे पुढे घरात हसू झाले. मला मात्र त्यामुळे माझ्याच एका जुन्या सहीची आठवण झाली. आपणांपैकी ज्यांनी महसूल, आरोग्य अथवा आदिवासी विकास या खात्यांचे कागद हाताळले आहेत, त्यांना एक ठरीव वाक्य परिचित असेल. स्थानिक लोक अज्ञानामुळे व अंधश्रद्धेमुळे दवाखान्याचा लाभ घेत नाहीत, अशा अर्थाचे ते वाक्य असते. नोकरीच्या आरंभीच्या काळात अशा वाक्याखाली मीही सही केली आहे. ते वाक्य कितपत खरे होते, हे तपासून पाहण्यासाठी हा लेख आहे. आणि ते तपासावयाचे तर थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेला एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांनी स्वतः राखलेले आरोग्य हा त्याचा विषय. चीन, क्यूबा, टांझानिया अशा देशांच्या प्रयोगांबरोबरच त्यात दोन प्रकरणे अशी आहेत, की ती एकाशेजारी एक ठेवून वाचावीत. एक ग्वाटेमालातील चिमालतेनांगो येथील माया लोकांत चाललेल्या कार्याचे, आणि दुसरे आपल्या जामखेडचे. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका दुष्काळी तालुक्याचे नाव मध्य अमेरिकेतील एका प्राचीन जमातीच्या शेजारी छापले जावे, यात योगायोगाचा भाग असेल. परंतु दोन्ही ठिकाणी जे शिकावे लागले ते एकच होते.

माया म्हटले म्हणजे आपल्यासमोर भग्न देवळे आणि विस्मृत पंचांग उभे राहते. वस्तुतः माया लोक आजही लाखोंच्या संख्येने नांदत आहेत. एकट्या ग्वाटेमालात बावीस माया भाषा अधिकृतपणे मानल्या जातात. त्यांच्या आरोग्यविचारात उष्ण आणि थंड यांचा समतोल असतो. बाळंतिणीस ऊब मिळावी म्हणून बाष्पस्नान देण्याची रीत आहे. सुईण ही तेथे केवळ प्रसूती करणारी बाई नसून पूज्य व्यक्ती असते. ज्या घरात शेक-शेगडी, धुरी आणि बाळंतकाढा होऊन गेला आहे, त्या मराठी घरास हे फारसे परके वाटू नये.

कॅरोल बेरहॉर्स्ट हे अमेरिकन डॉक्टर १९६२ साली चिमालतेनांगो येथे काकचिकेल माया लोकांत दवाखाना थाटून बसले. त्यांच्या रुग्णालयात रुग्णाबरोबर कुटुंब राही, आणि स्वयंपाकही तेच करी. गावोगावच्या माया स्त्री-पुरुषांना त्यांनी औषधोपचाराचे शिक्षण दिले व गावचे दुखणे गावच्याच भाषेत बरे होण्याची वाट खुली केली. परंतु एक गोष्ट त्यांना छळत राहिली. उपासमारीने खंगलेले मूल बरे करून घरी धाडावे, आणि काही महिन्यांनी तेच मूल त्याच अवस्थेत परत यावे. शेवटी त्यांनी कामांचा एक क्रम मांडला. त्यात सामाजिक व आर्थिक अन्याय प्रथम आला, त्यानंतर जमिनीची मालकी, आणि रोगावरील प्रत्यक्ष औषधोपचार अगदी शेवटी. एका डॉक्टराने आपली विद्या यादीच्या तळाशी लिहावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या विचाराची किंमत त्या भूमीने फार मोठी मोजली. ग्वाटेमालातील यादवी युद्ध १९६० पासून १९९६ पर्यंत चालले. १९९९ साली तेथील सत्यशोधन आयोगाने दोन लाखांवर माणसे मारली गेल्याचा अथवा नाहीशी झाल्याचा अंदाज दिला. ज्या बळींची ओळख पटली त्यांपैकी ८३ टक्के माया होते. गावात लोकांना संघटित करणारा कोणीही संशयित ठरे, आणि आरोग्यसेवक त्यातून सुटले नाहीत. तथापि ती परंपरा तुटली नाही. २००७ साली तेथे ‘वुकू कावोक’ नावाची सेवाभावी संस्था निघाली. हे नाव माया पंचांगातील एका दिवसाचे आहे. रुग्णाशी त्याच्याच माया भाषेत बोलावे आणि शक्य तेथे त्याच्या घरी जाऊन उपचार करावेत, ही त्या संस्थेची रीत. स्पॅनिशमध्ये दिलेला सल्ला काकचिकेल आईस समजला नाही, तर तो दिलाच गेला नाही असे तेथे धरले जाते.

आता जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम आरंभिले. आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परंतु परगावच्या, वेगळ्या राहणीच्या त्या मुलींचा गावात जम बसेना. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकविण्याचे ठरले. त्यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित वस्तीतील होत्या. जिचा स्पर्श गावाने टाळावा, तीच बाई उच्चवर्णीयांच्या घरात शिरून बाळंतीण तपासू लागली. १९७८ साली आल्मा आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. त्याच्या पाठीमागे जे थोडे प्रत्यक्ष अनुभव उभे होते, त्यांत चिमालतेनांगो व जामखेड ही दोन्ही नावे होती.

जामखेडचा प्रश्न मुख्यतः जातीचा आणि दारिद्र्याचा होता. भाषा तेथे मराठीच होती. त्याहून अवघड कसोटी महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकास होती. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले. माडिया गोंडांची भाषा शिकणे हा त्यांच्या वैद्यकीचा पहिला धडा होता. मराठी माणूस महाराष्ट्रातच परभाषी ठरतो, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या वाचकास त्यानंतर उमगली.

१९८२ साली चंद्रपुरापासून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १९८६ च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य ‘सर्च’ ही संस्था घेऊन तेथे आले. त्यांचे कार्य मराठी वाचकास अपरिचित नाही. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील चार गोष्टी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट इमारतीची. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे बंग दांपत्याने अहवालात न शोधता आदिवासींनाच विचारले. उत्तरे साधी होती. मोठ्या इमारतीत वाट चुकते. तेथील लोक आपली बोली बोलत नाहीत. आजाऱ्याला आत ठेवतात आणि त्याच्या माणसांना बाहेर काढतात. शिवाय डॉक्टर आणि परिचारिका पांढरी वस्त्रे घालतात. आमच्यात पांढऱ्या वस्त्रात मृताला गुंडाळतात, तेव्हा अशा माणसांच्या हाती जिवंत माणूस कसा सोपवावा? या उत्तरांत अज्ञान कोठे आहे हे मी बरेच दिवस शोधीत होतो. स्वच्छतेचे चिन्ह म्हणून शहराने जो रंग निवडला, तोच त्या समाजात मरणाचा रंग होता, एवढीच ती हकीकत. १९९३ साली शोधग्राम येथे जे रुग्णालय उभे राहिले, ते आदिवासी पाड्यासारखे, झोपड्यांचे बांधले गेले. रुग्णाचे कुटुंब त्याच्यापाशी राहू शकेल, अशी रचना झाली. दंतेश्वरी ही तिकडची देवता. रुग्णालयास तिचेच नाव देण्यात आले, माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या दारात येण्यास कोणाला भीती वाटावी?

दुसरी गोष्ट शब्दांची. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बंग दांपत्याचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. गडचिरोलीतील दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या असता ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. आणि यापूर्वी त्यासाठी ज्यांची कधी तपासणी झाली होती, अशा स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे घेऊन सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षे त्या स्त्रियांच्या दारी जात होती. ‘तुला दुखते काय?’ हा प्रश्न मात्र त्या कार्यक्रमात नव्हता. बायका आपसांत अंगावरून पांढरे जाण्याविषयी बोलत, आणि त्याने शरीरातील सत्त्व झरून जाते असे मानीत. डॉक्टर तिकडे किरकोळ तक्रार म्हणून पाहत. डॉ. राणी बंग यांनी त्या बायकांचे शब्द जसेच्या तसे ऐकले, तेव्हा तो आजार दिसू लागला. पुढे त्यांनी ‘गोईण’ या पुस्तकात आदिवासी स्त्रियांचे झाडांशी असलेले नातेही लिहून ठेविले. रोगाची चौकशी करावयास गेलेल्या डॉक्टरास झाडांची नावे शिकावी लागली, हे त्या श्रवणाचेच फळ होय.

तिसरी गोष्ट मोजणीची. बालकाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटातील श्वास मोजावे लागतात. गावच्या निरक्षर दाया बारापर्यंत मोजीत. पन्नास-साठ श्वास मोजणार कसे? शहरी उत्तर असे, की शिकलेल्या माणसाची नेमणूक करा; आणि शिकलेला माणूस तेथे राहावयास जात नाही. गडचिरोलीत मण्यांचे एक साधन तयार झाले. वाळूचे घड्याळ एक मिनिट दाखवी आणि दर दहा श्वासांस दाई एक मणी सरकवी. किती मणी सरकले यावरून धोका ठरे. आण्यांत वेदना मोजणारी माझी आई आणि मण्यांत श्वास मोजणारी ती दाई, दोघींचेही गणित बरोबर होते. फरक इतकाच, की दाईचे गणित समजून घेणारे कोणी तेथे होते.

चौथी गोष्ट घराची. बाळंतपणे घरी होत आणि अर्भके घरीच दगावत. १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविले गेले. श्वास न घेणाऱ्या बाळास श्वास देणे, त्यास ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास जंतुनाशक औषधाचे इंजेक्शनही देणे, ही सारी कामे त्या करू लागल्या. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू दर हजारी ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ वर आले. १९९९ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हा खेड्यातील बाईच्या हाती सुई देण्याविषयी पुष्कळ वाद झाला. २०११ साली भारत सरकारने घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम ‘आशा’ सेविकांकडे देशभर सोपविले. गडचिरोलीची पद्धत अशा रीतीने सरकारी परिपत्रकात आली.

आपण ज्या राज्यात नोकरी करतो, तेथेही याचा जोड सापडतो. बंगळुरात वैद्यकी शिकलेले डॉ. एच. सुदर्शन यांनी चामराजनगरच्या बाजूस बिळिगिरिरंगन टेकड्यांवर सोलिग आदिवासींत काम आरंभिले आणि १९८१ साली विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र स्थापन केले. सोलिगांचे वनौषधींचे ज्ञान टाकून न देता त्यास दवाखान्यात स्थान मिळाले, सोलिग मुली परिचारिका झाल्या. १९७४ साली ते अरण्य अभयारण्य ठरले होते आणि सोलिगांच्या फिरत्या शेतीवर व शिकारीवर बंदी आली होती. त्यामुळे आहाराचा प्रश्न हा वनखात्याचाही प्रश्न झाला. बेरहॉर्स्ट यांची यादी येथेही खरी ठरते. २०११ साली तेथील सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. ती बातमी आरोग्याच्या सदरात कोठे आली नाही. वस्तुतः ती तेथेही शोभली असती.

येथवर वाचून एखादा चिकित्सक वाचक विचारील, की मग रूढी म्हणून जे जे आहे ते सारे पूज्यच मानावयाचे काय? शंका रास्त आहे. गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांत ‘कुर्मा घर’ असते. पाळीच्या दिवसांत स्त्रीने गावाबाहेरील त्या झोपडीत राहावे अशी चाल आहे, आणि तेथे ऊन, पाऊस, साप, आजार यांपासून तिचे रक्षण होत नाही. गरोदरपणी पोटभर खाल्ले तर मूल मोठे होईल व सुटका अवघड होईल, ही समजूतही अनेक खेड्यांत आहे. अशा गोष्टींकडे संस्कृती म्हणून हात जोडून पाहत राहणे म्हणजे त्या बाईस वाऱ्यावर सोडणे होय. परंतु समजूत बदलते ती आपल्या माणसाच्या शब्दाने. आरोग्यदूत बाई शेजारणीस म्हणते, “माझ्या सुनेने दोन्ही वेळ भाकरी खाल्ली, तिचे काय वाईट झाले?” या वाक्याचे वजन आपल्या कोणत्याही भित्तिपत्रकास येणार नाही. रुग्णालयाने आपला पांढरा डगला बदलला, म्हणूनच त्यास लोकांच्या चालीविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला.

दुसरी शंका शासनाविषयीची. सेवाभावी संस्थांनी हे केले म्हणून सरकारची जबाबदारी सरत नाही. एखाद्या तालुक्यात एक तपस्वी दांपत्य लाभावे हा दैवयोग, आणि राज्यकारभार दैवयोगावर चालत नाही. या संस्थांचा खरा उपयोग पुरावा म्हणून आहे. लोक दवाखान्यात येत नाहीत, हे वाक्य त्यांनी आपल्या अनुभवाने उलटे करून दाखविले: दवाखाना लोकांपर्यंत आलाच नव्हता. इमारत आली होती, औषधांची पेटी आली होती, नोंदवहीही आली होती.

मी राहतो ती इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे १९७८ पर्यंत कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांची शिवारे होती. आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून राज्य सरकारच्या ‘केओनिक्स’ मंडळाने तेथे ३३२ एकर जमिनीवर उद्योगवसाहत आखली. आज काचेच्या इमारती आहेत, वरून धावणारा रस्ता आहे, आणि २०२५ पासून बोम्मसंद्रापर्यंत मेट्रो आहे. बोम्मसंद्राच्या बाजूस मोठी रुग्णालये आहेत आणि त्यांच्या आसपासच्या खोल्यांवर व खानावळींवर बंगाली पाट्या आहेत. दूर पूर्वेकडून आलेली कुटुंबे तेथे खोली भाड्याने घेतात, स्टोव्ह पेटवितात आणि आपल्या आजाऱ्यासाठी आपल्या हातचा भात रांधतात. चिमालतेनांगोच्या माया बाईने आणि गडचिरोलीच्या गोंडाने जे मागितले, ते येथे बाजाराने ओळखले आहे. ज्याच्यापाशी पैसे आहेत, त्याची बोली दारावर लिहिली जाते.

परंतु याच वसाहतीत नव्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथून आलेले मजूर राहतात. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावर जो अहवाल दिला, त्यातून असे दिसते, की देशातील सुमारे निम्मे आदिवासी आता आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. म्हणजे तो पाडा आता आपल्या फाटकापाशी आला आहे. त्याची भाषा कन्नड नाही, हिंदीही मोडकीतोडकी. त्याच्या बायकोच्या पोटात कळ येते की मुरडा, हे ती कोणाला सांगणार?

संध्याकाळी फिरावयास जाताना मला या खोल्या दिसतात. एखादी बाई मूल कडेवर घेऊन औषधाच्या दुकानासमोर उभी असते आणि बोटाने मुलाची छाती दाखवीत असते. दुकानदार भला माणूस आहे, पण तो अंदाजानेच एक बाटली काढून देतो. विदर्भात लहान मुलाच्या अशा श्वासास ‘डब्बा’ म्हणतात. तिच्या मुलखात काय म्हणतात, हे मला ठाऊक नाही. परवा मी तिला खुणेने ते विचारले. तिने एक शब्द सांगितला. मला तो नीट उच्चारता आला नाही, तेव्हा ती हसली आणि तिने तो पुन्हा सावकाश सांगितला. मी तो वहीत लिहून घेतला आहे. जुन्या सहीची भरपाई त्याने होत नाही, हे मी जाणतो. परंतु आपणांपैकी जे अद्याप नोकरीत आहेत, ज्यांच्यापुढे दवाखान्याचे नकाशे आणि सेविकांच्या नेमणुकांच्या फायली येत असतील, त्यांनी सही करण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे, की येथे येणाऱ्या बाईच्या बोलीत दुखण्याचे शब्द कोणते आहेत, आणि ते समजणारे माणूस या फायलीत कोठे आहे?